मामाचा खोकला

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना करणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता, पण बोलावणं यायचं ते मला. साखरपुडा असो, बारसं असो, नव्या घराचा उंबरा ओलांडायचा असो, "सरांना बोलवा" हे ठरलेलं. मी केडगावला राहतो. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आवाज भारदस्त आहे आणि वाक्यांसाठी मी कधी अडत नाही. डोळे मिटले की ती आपोआप एकामागून एक येतात. दहावीला बसलेल्या पोरांसाठी एक प्रार्थना, नव्या टेम्पोसाठी एक, आजाऱ्यासाठी एक, मयताची एक. टेम्पोच्या प्रार्थनेतली चाकं काढून भिंती घातल्या की ती नव्या घराला चालायची. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

बायकोला मात्र हे फार आधी कळलं होतं. घरी जेवणाआधीची प्रार्थना ती मला करू देत नाही. "तुम्ही सुरू केलंत की भाकरी गार होते," म्हणते, आणि स्वतःच दोन वाक्यांत उरकून वाढायला घेते. बाहेर माझ्या प्रार्थनेनं लोक डोळे पुसायचे आणि घरी माझी ही किंमत. मी ते थट्टेवारी न्यायचो.

माझं सगळ्यात जास्त कौतुक कुणाला असेल तर माझ्या मामाला. तो तिसगावच्या पुढे एका लहानशा गावात राहतो. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी सगळं शिवार पाहिलं, त्यामुळे त्याला अहोजाहो करणं मला कधी जमलं नाही. कोरडवाहू चार एकर, दोन गाई आणि गावातलं आमचं पत्र्याचं देऊळ एवढा त्याचा संसार. चर्चला तिकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात. तिथे घंटा नाही, रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. दर रविवारी मामा गजानं तो वाजवतो, मग आत येऊन पहिल्या बाकाच्या कडेला बसतो आणि खोकायला तयार होतो.

या खोकल्याबद्दल सांगायला हवं. मामाला दमा नाही की बिडीचं व्यसन नाही. पण कुणाची प्रार्थना लांबली, नुसती वाक्यांना वाक्यं जोडणं सुरू झालं, की पहिल्या बाकावरून खोकला यायचा. आधी बारीक. समजलं नाही तर मोठा. चर्चच्या पाळकसाहेबांनाही त्यानं सोडलं नव्हतं. एका नाताळात पाळकसाहेब प्रार्थना करता करता जगभरच्या राज्यकर्त्यांपर्यंत पोचले होते. मामा असा खोकला की त्यांनी तिथल्या तिथे आमेन म्हटलं. मंडळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे मामाला वचकून असत.

माझ्या प्रार्थनेत मात्र मामा कधी खोकला नाही. मी दहा मिनिटं बोलू दे, पंधरा बोलू दे, तो डोळे मिटून, हात जोडून ऐकत बसायचा. याचा मला कोण अभिमान! त्यात बोअरचं प्रकरण झालं. मामाच्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे तो शेतकरी आमच्या मंडळीचा नव्हे, पण मामाचा जिवाभावाचा. त्यानं आपल्या शेतात बोअर घ्यायच्या दिवशी मला प्रार्थनेला उभं केलं. मी प्रार्थना केली आणि पाणी लागलं. जागा पाणाड्यानं दाखवली होती, मशीन दुसऱ्याचं होतं, पण श्रेय मामानं मला दिलं. तिसगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या भाच्याच्या तोंडून देव बोलतो." ऐकून मी मान खाली घालायचो. नम्रतेनं नव्हे, हसू दिसू नये म्हणून.

मागच्या वर्षी मामाच्या छातीत दुखू लागलं. नगरला तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि वेळ काढू नका असंही सांगितलं. सोमवारी सकाळी दाखल व्हायचं ठरलं. रविवारीच गावी जायचं, रात्री मुक्काम करायचा आणि पहाटे मामाला माझ्या गाडीतून नगरला आणायचं, असं मी ठरवलं. मामाची मुलगी सासरहून आली होती. मामीनं एका पिशवीत टॉवेल, ताट, तांब्या, मामाचे दोन सदरे आणि तपासण्यांची फाईल भरून ठेवली होती.

तो आठवडा माझा मोठा धावपळीचा गेला होता. नगरमध्ये दोन मयती आणि एक स्मरणसभा, तिन्हीकडे पुढारपण माझ्याकडे. तिन्हीकडे तीच प्रार्थना, थोड्या फार फरकानं. रविवारी उपासना संपल्यावर सगळी मंडळी मामाच्या घरी जमली. मामा पडवीत खाटेवर पडून होता, अंगावर पांढरी चादर. लोक भोवती उभे राहिले. मामी पायथ्याशी बसली. मला सगळ्यांनी मिळून पुढे केलं आणि मी खाटेच्या उशाशी जाऊन उभा राहिलो. डोळे मिटले. तेवढ्यात मामाच्या मुलीला हुंदका आला.

पुढचं कसं घडलं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. उशाशी उभं राहणं, पायथ्याशी बसलेली मामी, पांढरी चादर आणि हुंदका, एवढ्यावर माझ्या जिभेनं आपली ओळखीची वाट धरली. "हे दयाळू पित्या, या तुझ्या दासाला तू इतकी वर्षं आमच्यात ठेवलंस म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. त्यांनी तुझ्या मंदिराची सेवा केली. त्यांच्या श्रमांतून तू त्यांना आता विसावा दिला आहेस. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीला, लेकीला तू धीर दे. ज्या मातीतून..."

कुणीतरी सवयीनं "व्हय देवा" म्हणालंसुद्धा. आणि खालून आवाज आला.

"अरं ए! मी हाय अजून!"

मी डोळे उघडले. मामा खाटेवरून माझ्याकडे टकामका बघत होता. पहिलं हसू त्यालाच फुटलं, मग सगळ्यांना. पाळकसाहेब भिंतीकडे तोंड करून हसत होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी काहीतरी सारवासारव केली, आजाऱ्याची प्रार्थना घाईघाईनं म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, चहा झाला. फक्त मामी हसली नव्हती. ती कधी उठून गोठ्याकडे गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

माणसं पांगली, जेवणं झाली. दुपारी मामाची मुलगी मला हुडकत आली. तिचा चेहरा उतरला होता. "दादा, बाबा न्हाई म्हनत्यात. उद्या यायचं न्हाई म्हनत्यात दवाखान्यात."

मी पडवीत गेलो. मामानं पिशवीतून फाईल काढून उशीखाली ठेवली होती. सदरेही काढले होते आणि घडी करून खुंटीवर ठेवले होते. चेहरा एकदम शांत. मला म्हणाला, "बस. आता नगरचं राहू दी. निरोप आला."

"कसला निरोप?"

"तुझ्या तोंडून आला न्हवं? इसावा दिला म्हनलास. लोक हसले, मीबी हसलो. पर हसन्यावारी न्यायची गोष्ट न्हाई ती. त्या बोअरच्या येळेलाबी तुझ्या तोंडून आलं तसंच झालं. देवानं ठरवलंय त्यात डाक्टर काय करनार? मरायचं तर हितं मरतो, माझ्या गावात, माझ्या मानसांत."

मी त्याला समजावू लागलो. आठवडाभर मयती होत्या, झोप नव्हती, जीभ घसरली. मामा हसला. "तुझी जीभ घसरती व्हय? इतक्या वर्सांत कदी घसरली न्हाई, अन् माझ्याच टायमाला घसरली?" मी डॉक्टरांचं नाव घेतलं, पाळकसाहेबांना बोलावू का विचारलं. त्यानं हात हलवला आणि कुशीवर वळला. मुलगी दारात उभी राहून रडत होती. वेळ काढू नका, हे डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात वाजत होते. मामा मरणार होता, आणि दुखण्यानं नव्हे, माझ्या बडबडीनं.

काय करावं सुचेना म्हणून मी गोठ्याकडे गेलो. संध्याकाळची धार काढायची वेळ झाली होती. मामी गाईच्या पोटाला डोकं टेकून बसली होती आणि बादलीत धारा वाजत होत्या. धारांच्या जोडीनं मामीचं पुटपुटणंही चाललं होतं. हे पुटपुटणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सुट्टीत इथे राहायचो तेव्हा मला वाटायचं, मामी गाईशी बोलते. त्या दिवशी पहिल्यांदाच जवळ जाऊन नीट ऐकलं. ती नावं घेत होती. तिच्या लेकीचं, नातवंडांचं, बोअरवाल्या शेजाऱ्याचं, पाळकसाहेबांचं. एक नाव, मग दोन-चार धारा, मग दुसरं नाव. मध्येच माझं नाव आलं. मी तिथे उभा आहे हे तिला माहीत नव्हतं.

मंडळीत मामी कधी उभी राहून प्रार्थना करत नाही. कुणी आग्रह केला की पदर तोंडाला लावून खाली बघते. आम्ही तिला लाजाळू म्हणायचो. मी तर एकदा तिला सोपी चार वाक्यं लिहून द्यायलाही निघालो होतो.

"मामी," मी म्हणालो, "तुम्ही नुसती नावंच घेता? पुढे काही मागत नाही?"

ती दचकली नाही. हात थांबवला नाही. "मागायचं काय त्यात? कुनाला काय पायजे त्याला ठावं हाय. आपन मानूस म्होरं न्हेऊन हुबं करायचं."

मग ती म्हणाली, "तूच घातलंयस त्यांच्या डोस्क्यात. तूच काढ. मला न्हाई जमायचं. माझं ऐकत न्हाईत ते, तुझं ऐकत्यात."

"सांगून पाहिलं मामी. जीभ घसरली म्हणून सांगितलं."

"खरं सांगितलंस का?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. काय खरं ते मला कळून चुकलं होतं, आणि ते मामाला सांगायचं म्हणजे त्याच्या बाजारातल्या सगळ्या बढाया मातीत घालायच्या. माझी अब्रू जाणार ती जाणारच. पण त्याहून वाईट म्हणजे म्हाताऱ्याचा एक मोठा आनंद जाणार. मी गोठ्यात बराच वेळ घुटमळलो. मग मामी भरलेली बादली घेऊन उठली आणि माझ्याकडे न बघता घरात गेली. मीही तिच्या मागोमाग गेलो.

मामा उठून बसला होता. उन्हं पडवीच्या पायरीवर आली होती. मी खाटेजवळ खाली जमिनीवर बसलो.

"मामा, ती प्रार्थना देवाची नव्हती."

"मंग कुनाची?"

"माझीही नव्हती. ती मयताची पाठ केलेली प्रार्थना आहे. तीन दिवसांपूर्वी नगरमध्ये एका बाईच्या मयताला म्हटली, तीच. फक्त 'दासी'च्या जागी 'दास' घातला. माझं तिच्याकडे लक्षसुद्धा नव्हतं."

मामा माझ्याकडे बघत राहिला. "लक्ष न्हवतं?"

"नसतंच मामा. तोंड चालत असतं. मधेच एक डोळा किलकिला करून बघतो, कोण डोळे पुसतंय ते."

"मंग बोअरच्या येळेला?"

"तेव्हाही. ती ट्रॅक्टरची होती, त्यात पाणी घातलं."

"माझ्या पोरीच्या लग्नात?"

मला हे सांगताना फार जड गेलं. त्या लग्नातली प्रार्थना मामाला जवळजवळ पाठ होती. "तेव्हा मी मटणाचा वास घेत होतो," मी म्हणालो.

दाराआड मामी आणि तिची लेक उभ्या होत्या हे मला दिसत होतं. आता अर्धवट सोडून चालणार नव्हतं. राहिलेलंही बोलून टाकलं. "तुझे रिपोर्ट आले त्या दिवशी मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, आम्ही सतत प्रार्थनेत आहोत. मामा, मी एकदाही केली नाही. तुझ्यासाठी एकदाही गुडघे टेकले नाहीत. डॉक्टरांना फोन केले, गाडीत डिझेल भरलं, सगळं केलं. तेवढंच केलं नाही."

"येकदाबी न्हाई?"

"नाही."

मी मान खाली घातली. या वेळी हसू लपवायला नव्हे. मला वाटलं, आता तो कुशीवर वळेल आणि पुन्हा माझ्याशी बोलणार नाही. तो चादरीचा काठ बोटांत चुरगळत राहिला. मग त्याचा आवाज आला, आणि त्यात राग नव्हता, हिशेब लावत असल्यासारखा होता.

"म्हंजी ते देवाचं न्हवतं."

"नव्हतं."

"अन् तुझंबी न्हवतं."

"नव्हतं."

"मंग मी मरायचा निरोप काय आल्याला न्हाई."

"नाही रे मामा. नाही आला."

मामानं लांब श्वास सोडला. तेव्हा मला दिसलं की चादरीचा तो काठ पिळून पिळून पार दोरीसारखा झाला होता. शांत चेहऱ्यामागे म्हातारा दिवसभर भेदरून बसला होता आणि आमच्यापैकी कुणाला ते कळलं नव्हतं. मला त्याची इतकी माया आली की त्याचे हात धरून ठेवावेत असं वाटलं.

"मंग आता येक तुझी कर," तो म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसलो. डोळे मिटले. "हे दयाळू व कृपाळू..."

मामा खोकला.

इतक्या वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा खोकला. मी थांबलो. पुन्हा सुरुवात केली. "हे स्वर्गीय पित्या, आज या घडीला..." पुन्हा खोकला, या वेळी मोठा. मला पुढचं वाक्य समोर दिसत होतं, तयार, नीटनेटकं, आणि ते उच्चारायची लाज वाटत होती. ते सोडलं तर दुसरं काही येत नव्हतं. आत चुलीवर दूध तापत असल्याचा वास येत होता. मला गोठ्यातली मामी आठवली. मामाला मरू द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या मनात होतं, आणि तेही मला मागता येईना.

"देवा," मी म्हणालो, "माझा मामा."

मी खाटेच्या कडेवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. मामाचा हात माझ्या डोक्यावर आला.

"आमेन," तो म्हणाला. मग उशीखालून फाईल काढून त्यानं दाराकडे हाक मारली, "अगं, ही पिशवीत घाल. अन् ते सदरे बी. पहाटं निघायचंय."

ऑपरेशन पार पडलं. महिनाभर मामा आमच्या केडगावच्या घरी राहिला. जेवणाआधी बायको दोन वाक्यांची प्रार्थना करायची, मामा खूश होऊन आमेन म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. आता तो गावी परतला आहे. रुळाचा तुकडा पुन्हा तोच वाजवतो, जरा हळू. बाजारात माझी कीर्ती सांगणं त्यानं सोडलेलं नाही, फक्त गोष्ट बदलली आहे. "आमच्या भाच्यानं माझी मयताची प्रार्थना आधीच उरकून ठेवलीय, तवा मला आता घाई न्हाई," असं सांगतो आणि हसतो.

महिन्यातून एका रविवारी मी तिकडे जातो. पाळकसाहेब अजूनही मलाच उभं करतात. जिभेला इतक्या वर्षांची सवय, ती जुन्या वाटेला लागतेच. लागली की पहिल्या बाकावरून खोकला येतो. थंडीच्या दिवसांत मामाला खरोखरचा खोकलाही असतो, त्यामुळे कोणता कशासाठी हे मला नेहमी कळत नाही. मी दोन्हींना थांबतो. मग एका नावापासून पुन्हा सुरुवात करतो.